पुणें-कोल्हापूर वाटेवरचे चार पाणवठे

प्रवास म्हटला म्हणजे मुक्कामाचें गांव आधीं डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि मधली वाट ही केवळ ओलांडावयाची अडचण ठरते. पुण्याहून कोल्हापुरास मोटारीनें जाणाऱ्या कुटुंबाचेंच उदाहरण घ्यावें. अंतर सुमारें २३० किलोमीटर. रुंद महामार्ग झाल्यापासून तें चार-पांच तासांत कापतां येतें. मुलें प्रथम भांडतात, मग पेंगतात. आजी खिडकींतून बाहेर पाहत राहते. आणि एकदां चहा झाला कीं थेट अंबाबाईचें दर्शन. प्रवास सुखाचा होतो खरा. पण दोन शहरांमधला मुलूख कोणाच्याच ओळखीचा होत नाहीं.

वाटेंत थांबावें कोठें, हा प्रश्न पुष्कळांस पडतो. प्रेक्षणीय स्थळांची यादी हातीं घेतली तर ती इतकी लांब भरते कीं निवड करणेंच कठीण व्हावें. यादीपेक्षां एखादें सूत्र हातीं धरणें अधिक उपयोगाचें. जुना वाटसरू थांबे तो पाण्यापाशीं. बैल तेथें सुटत, शिदोरी तेथें उघडली जाई, आणि देऊळ व वस्तीही बहुधा तेथेंच वाढे. म्हणून आपली वाट कोठें पाण्याजवळून जाते एवढें नकाशावर पाहिलें, तरी थांबण्याच्या जागा आपोआप दिसूं लागतात. या एका वाटेवर पाण्याच्या चार निरनिराळ्या कथा आहेत.

पहिली कथा पुणें सुटतां सुटतांच लागते. कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, इ. स. १७५० च्या सुमारास, बांधला गेला. येथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून सुमारें दहा किलोमीटर दूर शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत नेलें होतें. ना बैल, ना यंत्र. सारें काम उताराच्या बळावर. नळांत हवा खेळावी व आंत उतरून गाळ काढतां यावा म्हणून जागोजाग ‘उच्छ्वास’ ठेवलेले असत. वाड्यांतलें कारंजें कशाच्या जोरावर उडत असेल, हा प्रश्न मुलांना येथेंच घालून ठेवावा आणि उत्तर मोटारींत शोधूं द्यावें.

खंबाटकीचा घाट उतरल्यावर सुरूरपासून वाईस फाटा फुटतो. वाईच्या कृष्णाकांठीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं इ. स. १७६२ मध्यें बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. दर्शन घेऊन बहुतेक लोक परत फिरतात. पाहावयाची गोष्ट मात्र देवळाच्या पाठीमागें आहे. तेथील भिंत सपाट नसून माशाच्या आकाराची, पुढें निमुळती होत गेलेली आहे. पुराचें पाणी तिच्या टोकावर येऊन दुभंगतें व दोन्ही बाजूंनीं निघून जातें. सपाट भिंतीवर पुराचा सगळा भार एकदम आला असता. कात्रजला पाणी बोलावून आणलें. वाईस तें आल्यावर त्याला वाट करून दिली.

पुन्हां महामार्गास लागून साताऱ्याकडे जातांना लिंबचा फाटा येतो. लिंब येथील बारा मोटांची विहीर विरूबाई भोसले यांनीं शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४, या काळांत बांधविली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट; आणि विहिरीच्या आंतच कोरीव खांबांचा एक महाल. एका वेळीं बारा मोटा चालाव्यात अशी तिची योजना होती. पण मोट म्हणजे काय, हें मागच्या बाकावरच्या मुलास कोण सांगणार? पंप आले आणि मोटा गेल्या. येथें आजीचें काम पडतें. पायऱ्या तिला उतरवणार नाहींत. तिनें वरच सावलींत बसावें आणि लहानपणीं पाहिलेलें सांगावें: कातड्याची मोट, तिला ओढणारा जाड नाडा, तोंडाशीं बांधलेला बारीक सोंदूर, बैलांची उतरती धांव, थारोळ्यांत धो धो पडणारें पाणी आणि पाटानें मळ्याकडे जाणारी त्याची धार. दगडी विहीर अजून शेंकडों वर्षें टिकेल. मोट पाहिलेले डोळे तितके टिकावयाचे नाहींत. हा अर्धा तास टाळला तर पुढच्या खेपेस विहीर भेटेल, सांगणारी भेटेलच असें नाहीं.

चवथा पाणवठा कऱ्हाडचा. कृष्णा व कोयना या दोघी महाबळेश्वराच्या डोंगरांतून निघतात, निराळ्या खोऱ्यांनीं वाहतात आणि येथें अगदीं समोरासमोर येऊन मिळतात. मग एक होऊन पूर्वेकडे वळतात. या प्रीतिसंगमावरच महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधि आहे; ते १९८४ मध्यें निवर्तले. उन्हें कललीं असतां घाटावर बसून दशम्या सोडाव्यात आणि दोन पाण्यांचे रंग कोठवर निराळे दिसतात, हें मुलांनीं पाहावें.

मात्र चारही ठिकाणें एकाच दिवशीं उरकण्याचा हव्यास धरूं नये. जातांना दोन व येतांना दोन, हा हिशेब पुरेसा आहे. दर दोन तासांनीं चालकास विसावा हवाच असतो. तो धाब्याऐवजीं अशा जागीं द्यावा. पावसाळ्यांत विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतें. मुलांचा हात सोडूं नये. पूर आलेल्या नदीच्या घाटावर तर उतरूंच नये. आणि थांबण्यापूर्वीं मुलांस एकच प्रश्न द्यावा, दहा नव्हे.

असा प्रवास तीन तासांनीं लांबतो. त्या तीन तासांचा मोबदला काय, तें घरीं परतल्यावर कळतें. कोल्हापुरास काय पाहिलें असें कोणीं विचारलें, तर मुलें देवळाबरोबर आजीची मोटही सांगूं लागतात.