पातं विकत घ्या, रंधा स्वतः करा

रंध्याचं पातं विकत घ्यावं आणि रंधा स्वतःच्या हातानं करावा, असं माझं ठाम मत आहे. मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो. नोकरीत मुलांच्या हाती लोखंडी रंधेच दिले, कारण कार्यशाळेत तेच असत. निवृत्तीनंतर मिरजेच्या घरी मागच्या पडवीत कामाचा बाक मांडला आणि लाकडी रंधा मुळापासून करायला घेतला. आता लोखंडी रंधा क्वचितच हातात धरतो.

‘किट’ म्हणून जे मिळतं ते अगदी थोडं असतं. एक जाड पोलादी पातं, त्याच्या वर बसणारी एक पट्टी आणि दोघांना आवळून धरणारा एक स्क्रू. बाकी सगळं लाकूड, म्हणजे ठोकळा, आतला आडवा दांडा आणि पाचर. ते आपण करायचं. काही कारखाने लाकडाचे तुकडेही कापून देतात, पण ते घेऊ नयेत. करण्यातली खरी गंमत त्या कापण्यातच आहे.

पातं का विकत घ्यायचं, तेही सांगतो. चांगलं कार्बन पोलाद 800 अंश सेल्सियसच्या आसपास तापवून तेलात विझवावं लागतं. विझवलेलं पातं इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर तुकडा उडतो. म्हणून ते पुन्हा 200 अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचा. हे दोन आकडे जरा इकडेतिकडे झाले, की धार एक तर दुमडते नाही तर झडते. त्यासाठी भट्टी हवी आणि भट्टीवरची नजरही हवी. घरच्या बाकावर ते जमत नाही, जमवायची गरजही नाही. आपल्या गावात बारा बलुतेदारांमध्ये लोहार आणि सुतार वेगवेगळे होते ते उगाच नाही. सुताराचं पातं लोहाराकडून किंवा बाजारातून यायचं; रंधा मात्र तो स्वतः बाभळीच्या किंवा शिसवीच्या ठोकळ्यातून घडवायचा.

आजचं हे किट ज्या गावात रुजलं ते कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे, फोर्ट ब्रॅग. जेम्स क्रेनॉव्ह नावाचा सुतार 1981 मध्ये तिथल्या कॉलेजात शिकवू लागला. त्याचा जन्म 1920 मध्ये सायबेरियाच्या पार पूर्व टोकाला झाला, बालपण चीन आणि अलास्कात गेलं आणि सुतारकाम तो स्वीडनमध्ये शिकला. 1976 मध्ये त्याचं ‘अ कॅबिनेटमेकर्स नोटबुक’ हे पुस्तक आलं आणि जगभरातले हौशी सुतार त्याच्यामागे लागले. त्याच्या शाळेत आलेल्याला आधी स्वतःचा रंधा करावा लागे, कपाट-टेबल नंतर. पण पाती कुठून आणायची? त्याच भागात रॉन हॉक नावाचा एकजण सुऱ्या करायचा. विद्यार्थी त्याच्याकडे गेले, त्यानं पाती करून दिली आणि पुढे तोच त्याचा धंदा झाला. लोहार आणि सुतार पुन्हा शेजारी आले, एवढंच म्हणायचं.

क्रेनॉव्हच्या पद्धतीतली युक्ती मला फार आवडते. जुना लाकडी रंधा एका अखंड ठोकळ्यात वरून पटाशीनं कोरत न्यायचा. पात्याची तिरपी बैठक, पाचरीच्या खाचा, तळाची फट, सगळं त्या अरुंद भोकात हात घालून. मुरलेल्या कारागिराचं ते काम, नवख्याचं नव्हे. क्रेनॉव्हच्या पद्धतीत ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या साधारण एक सेंटीमीटर जाडीच्या फळ्या आधी करवतीनं कापून वेगळ्या करायच्या. मधला भाग उघडा पडतो. तो दोन ठिकाणी कापायचा. मागे पात्यासाठी बरोबर 45 अंशांवर, पुढे छिलका बाहेर निघायला 60 अंशांच्या आसपास. बैठक डोळ्यांसमोर असते. गुण्या लावून बघता येते, लहान रंध्यानं सपाट करता येते. मग बाजूच्या फळ्या परत जागच्या जागी चिकटवायच्या. त्याच ठोकळ्यातल्या असल्यामुळे रेषे जुळतात आणि सांधा शोधावा लागतो.

पात्याची रुंदी 44 मिलिमीटर असेल तर मधला भाग 46 ठेवावा. दोन मिलिमीटर मोकळे हवेतच, कारण पातं डावीउजवीकडे सरकवून सरळ करायचं असतं. बैठकीत एक उभी खाच लागते, स्क्रूचं डोकं तिच्यात जातं. चिकटवताना फळ्या घसरू नयेत म्हणून चारही कोपऱ्यांत लाकडी खुंट्या माराव्यात; नंतर ते कोपरे कापूनच टाकायचे असतात.

पात्यासमोरून आडवा जातो तो दांडा. त्याची दोन्ही टोकं गोल, बाजूच्या फळ्यांच्या भोकांत बसणारी, आणि मधला भाग चौकोनी. पाचर ठोकली की दांडा किंचित फिरतो आणि पाचरीला सपाट टेकतो, म्हणून दाब सगळीकडे सारखा पडतो. रोमन काळातल्या रंध्यांमध्येही असाच आडवा दांडा आणि पाचर असे. दांड्याची भोकं फळ्या चिकटवण्याआधी पाडावीत आणि दोन्ही फळ्या एकत्र आवळून पाडावीत. दांडा तिरपा गेला तर पाचर कायम एका बाजूला पळते.

लाकडाबद्दल जरा जास्त बोलतो. ठोकळा जुन्या लाकडाचा घ्यावा. वाडे उतरवले जातात तिथल्या चौकटींचे तुकडे जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. शिसवी मिळाली तर उत्तम, नाही तर सुकलेली बाभूळ. सागवान मी शक्यतो टाळतो. तळाला मऊ पडतं आणि झिजतं. ठोकळ्याच्या बाजूला रेषे कसे उतरतात ते उजेडात धरून बघावं. तळाचे रेषे पुढून मागे उतरते असावेत. मांजराच्या पाठीवरून हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवावा तसं लाकूड मग तळाखालून जातं. उलटं असलं तर तळाचेच रेषे उचकटतात.

आणि आता रंध्याचं तोंड, म्हणजे तळाची ती फट. चांगला रंधा आणि साधा रंधा यांतला फरक इथेच आहे. पातं लाकडात शिरलं की ते नुसतं कापत नाही, पुढच्या रेषांना उचलतंही. उलट्या रेषांच्या जागी उचललेला रेषा कापला जाण्याआधीच चिरत पुढे जातो आणि पृष्ठभागावर खड्डा पडतो. फट अरुंद असेल तर पात्याच्या अगदी पुढचं लाकूड तळाखाली दाबून धरलं जातं आणि चीर लांबत नाही. वरच्या पट्टीचंही तेच काम आहे. ती छिलक्याला लगेच वाकवते, त्यामुळे पुढच्या रेषांना उचलायला त्याच्यात जोर उरत नाही.

म्हणून चिकटवताना फट जवळजवळ बंदच ठेवायची. मग पातं आत बसवून, थोडं वर ओढून, पाचर पुरती ठोकून तळ घासायचा. जाड काचेवर काचपेपर चिकटवावा आणि तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा माराव्यात. जिथल्या रेघा पुसल्या जात नाहीत तिथे अजून खळगा आहे. पाचर ठोकलेलीच हवी, कारण तिच्या दाबानं तळ किंचित वाकतो आणि काम करताना तो तसाच असतो. तळ सपाट झाला की बारीक कानस घेऊन फटीची पुढची कड सरळ करत जायचं. दोन हात मारले की थांबायचं, पातं उतरवून उजेडाकडे बघायचं. फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असली पाहिजे. कानशीनं काढलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून इथे घाई नको.

माझ्या ओळखीचे एक सतारमेकर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काम ज्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या चालतं तिथलेच. रंधा तयार झाल्यावर मी तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी तुणाच्या लाकडाची एक फळी काढली आणि जिथे रेषे दोन दिशांनी फिरले होते नेमकी ती जागा निवडली. लहान हातोडीनं पात्याच्या डोक्यावर एक टिचकी, मग पाचरीवर एक. पहिल्या फटक्यात नुसता भुसा आला. आणखी एक टिचकी, आणि मग फळीच्या पूर्ण लांबीचा एक सलग छिलका वर आला, आरपार उजेड दिसेल इतका पातळ. त्यांनी छिलक्याकडे पाहिलंच नाही, फळीवरून अंगठा फिरवला. “मास्तर, इथे पेपर मारायची गरज नाही,” एवढंच म्हणाले. मला प्रमाणपत्र मिळालं.

लोखंडी रंध्यात स्क्रू फिरवून पातं खालीवर होतं आणि ते सोपं आहे, हे मान्य. हातोडीच्या टिचक्या शिकायला थोडे दिवस जातात. डोक्यावर टिचकी दिली की पातं खाली उतरतं, ठोकळ्याच्या मागच्या टोकावर दिली की वर येतं. पण लाकडी रंधा हलका असतो, लाकडावर लाकूड सहज सरकतं आणि तो हाताच्या मापानं घडवता येतो. माझ्या तळहाताला जिथे टोचत होतं तिथून मी पटाशीनं गोलाई काढली. लोखंडाला ती सोय नाही.

पावसाळ्यात तो फुगतो, हेही लक्षात ठेवावं. काम संपल्यावर पाचर सैल करून ठेवावी आणि आषाढ सरला की तळ काचेवर पुन्हा एकदा बघावा.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी पहिला रंधा 25 सेंटीमीटरपेक्षा लांब करू नये आणि महागड्या परदेशी पात्यासाठी अडून बसू नये. जुन्या बाजारात गंजलेली पाती मिळतात. पाठ सपाट करून धार लावली की त्यांतली बरीच अजून उत्तम चालतात. ठोकळा मात्र आजच वखारीतून आणून घरात सावलीला ठेवा. पुरता वाळलेला नसेल, तर करवत लावू नका.