कुंडीतली बाग – लेखांक ९ : मिरची उन्हात, पुदिना सावलीत

मागच्या आठवड्यात कुंडीची माती तयार केली. आता त्यात पहिलं काय लावायचं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: मिरची आणि पुदिना. चटणीला दोन्ही लागतात, आणि लागतात तेही थोडेच. चार मिरच्यांसाठी बाजार गाठावा लागू नये.

मात्र पाट्यावर एकत्र वाटले जाणारे हे दोघं एका कुंडीत नांदत नाहीत. हौसेनं मी एकदा दोन्ही एकत्र लावले होते. दोन महिन्यांत पुदिन्याचे धावते फुटवे मातीभर पसरले आणि मिरची खुंटली ती खुंटलीच. दोघांचा स्वभावच उलटा. जिभेवरही तसंच: मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या शरीरातला उष्णतेचा ग्राही जागा करतं, तर पुदिन्याच्या कुळातलं मेंथॉल थंडाव्याचा. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने याच दोन पदार्थांच्या आधारे हे ग्राही शोधले आणि 2021 साली त्यांना नोबेल मिळालं.

मिरचीला रोज सहा तास तरी ऊन हवं. घरातल्या सुक्या मिरचीचं बी उगवतं, पण ती संकरित असेल तर तशीच मिरची येईल याची खात्री नसते. गावाकडची लवंगी मिळाली तर तिचंच बी धरा. आठ-दहा दिवसांत ते उगवतं. साधारण पाच आठवड्यांनी रोप दहा-बारा इंची कुंडीत हलवायचं. पाणी घालण्याआधी मातीत पेरभर बोट खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती फूलगळीची. एप्रिल-मेमध्ये पारा 35 अंशांच्या वर गेला की फुलं देठासकट गळू लागतात. हा रोग नव्हे. घाबरून युरियाचे दाणे टाकू नका. नत्र वाढलं की झाड पानांनीच भरतं. दुपारपुरती कुंडी सावलीला सरकवा. आणि गॅलरी बंद असेल, वारा येत नसेल, तर सकाळी फुललेल्या फांदीला हलकी टिचकी मारा. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे तेवढ्यानेही पराग झडून फळ धरतं.

खरी काळजी करायची ती बोकड्याची, म्हणजे चुरडा-मुरडाची. शेंड्याची पानं आक्रसू लागली की एक कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळसर काही सरपटताना दिसलं तर ते फुलकिडे. त्यांच्यामुळे पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं दिसतं. कोळी असेल तर कडा खाली वळतात. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, साबणाचे दोन थेंब घालून ढवळा आणि संध्याकाळी पानांच्या पाठीवर फवारा. पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर मात्र पानं पिवळी, बारीक होऊन झाड गुच्छासारखं दिसतं. त्याला औषध नाही. ते उपटून टाका, नाहीतर शेजारची कुंडीही जाईल.

पुदिन्याचं इतकं काही नाही. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि पेलाभर पाण्यात उभ्या करा. पाणी रोज बदला. आठवडा-दहा दिवसांत पेरांपाशी पांढरी मुळं फुटतात. मग पसरट कुंडीत लावा, सकाळचं कोवळं ऊन द्या आणि माती कधी सुकू देऊ नका. पानं एकेक तोडण्यापेक्षा काडी पेराच्या जरा वर कापा. तिथून दोन फुटवे येतात.

या आठवड्यात जुडी आणाल तेव्हा सगळी चटणीत घालू नका. चार काड्या पाण्यात ठेवा, आणि कुंडी मिरचीपासून वेगळी धरा.