वीस अक्षरांचा मंत्र : 'ड्रॅगन क्वेस्ट'ची गोष्ट



मोबाईलवर गेम खेळताना चार्जिंग संपलं तरी दुसऱ्या दिवशी गेम जिथे सोडला तिथूनच सुरू होतो. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी जपानमधली मुलं यासाठी वही-पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसत. कशी, ते बघू या.

२७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीने फॅमिकॉम या यंत्रासाठी 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ आणला. रचना युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामा यांची (हो, 'ड्रॅगन बॉल'वालेच!). गोष्ट आजीच्या गोष्टीसारखीच आहे. एक वीर, कैदेतली राजकन्या आणि दुष्ट ड्रॅगनराजा. फरक एवढाच, की हा वीर सुरुवातीला अगदीच कच्चा असतो. लढत, पैसे जमवत, तलवार-ढाल विकत घेत तो बळकट होतो. म्हणजे खेळ एका बैठकीत संपणं अशक्य! आणि खेळाची कॅसेट होती फक्त ६४ केबीची, त्यात खेळाडूची नोंद ठेवायची सोयच नव्हती. यंत्र बंद केलं की सगळी कमाई गेली.

यावरचा उपाय मला फार आवडतो. खेळ थांबवण्याआधी राजाकडे जायचं. राजा वीस अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगायचा. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. मंत्राला अर्थ काही नसे, पण मांडणी ५-७-५-३ अशी. पहिले तीन आकडे हायकूचे!

आता वीस अक्षरांत एवढं मावतं कसं? सहा दिवे घ्या. प्रत्येक चालू किंवा बंद. त्यांच्या एकूण ६४ जुळण्या होतात (करून बघा, २ ला २ ने गुणत जा). मंत्रात बरोबर ६४ जपानी अक्षरं वापरली होती. म्हणजे एक अक्षर हे सहा दिवे, आणि वीस अक्षरं हे १२० दिवे. एवढ्यात वीराचं नाव, अनुभव, पैसा, शस्त्रं सगळं बसवलं होतं.

जाता जाता सांगतो, जपानी अक्षरांचा क्रम आहे अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटला ना? बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृतच्या अभ्यासातून तो आला आहे.

खरी गंमत चुकीत होती. काही दिवे फक्त तपासणीसाठी राखलेले असत. एक अक्षर चुकलं की मंत्र चुकीचा असल्याचं उत्तर येई. जपानीत 'ने', 'रे' आणि 'वा' दिसायला सारखी, जशी आपल्याकडे घ-ध, भ-म. त्यात टीव्हीवरचं चित्र अंधुक. घाईत उतरवलं की आठवड्याची मेहनत पाण्यात! पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात तर मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. १९८८ च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि वही सुटली.

आता शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. आपल्या धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी मुलं दिवाळीच्या आसपास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्या हातात आपण शिक्षण हमी कार्ड देतो. ते कार्ड म्हणजे त्या मुलाचा मंत्रच आहे. त्यावर नुसतं 'इयत्ता तिसरी' लिहिलं तर कारखान्याजवळच्या शाळेतले गुरुजी पुन्हा 'अ आ इ'पासून सुरू करणार. त्यापेक्षा सोबत एक चिठ्ठी जोडा : 'जोडाक्षरं वाचते, हातच्याची वजाबाकी येते, भागाकार अजून नाही.' एवढ्या ओळीवरून समोरच्याला कळतं, की उद्या भागाकार घ्यायचा.