बाळाच्या मापाने

ज्याने माणूस दगावतो ते विष, अशी आपली समजूत. पण आईला धडधाकट ठेवून पोटातल्या जिवाला गाठणारेही विष असते! जपानमधील मिनामाटा येथे एका कारखान्याचा पारा समुद्रात जाई, तेथून मासळीत. १९५६ साली तेथील रोगाला वाचा फुटली. पुढे कळले की, काही आयांना विशेष त्रास नसूनही त्यांची मुले जन्मतःच पंगू झाली होती.

म्हणून रसायनाची परीक्षा दोन जिवांवर होते. गाभण उंदरांच्या निरनिराळ्या गटांना रोज कमीजास्त मात्रा देतात. पिल्ले किती झाली, त्यांचे वजन, हाडे सारे तपासतात. त्या पिल्लांना पुढे पिल्ले होतात का, हेही पाहतात. ज्या मात्रेने अपाय दिसत नाही, तिला बहुधा शंभराने भागतात. दहापट सावधगिरी उंदीर-माणसातील फरकासाठी, दहापट माणसामाणसातील फरकासाठी.

पण हा हिशेब एकेकट्या रसायनाचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून नळाने नवापूरच्या समुद्रात जाते, ते एकत्र मिसळूनच. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली.

पोटुशीच्या ताटात काय पडते, यावर घरोघरच्या आजीबाईंची करडी नजर असते. समुद्राच्या पाण्यापुढे मात्र ती नजर पुरत नाही. तेथे मोजमापच हवे, आणि तेही बाळाच्या मापाने!