पाटी त्यांची, मजकूर सगळ्यांचा

मुक्त परवान्यांची गोष्ट : लेखांक ६

प्रताधिकारासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. शब्द कागदावर किंवा पडद्यावर उतरले की ते लिहिणाऱ्याच्या मालकीचे होतात आणि आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे ही मालकी टिकते. एकट्याने लिहिलेल्या पुस्तकापुरता हा हिशोब सोपा आहे. पण एखाद्या शहराची प्रवासमार्गदर्शिका दोनशे जणांनी मिळून लिहिली, कोणी स्टेशनापासूनच्या वाटांवर लिहिले, कोणी खानावळींवर, कोणी जुन्या पेठांवर, तर तिला दोनशे मालक होतात. पुढे तिचे काही करायचे म्हटले तर दोनशे जणांच्या सह्या गोळा करत फिरावे लागेल. मुक्त परवाना ही अडचण आधीच मिटवून ठेवतो. लिहिणारा लिहितानाच साऱ्या जगाला परवानगी देऊन मोकळा होतो. बहुतेक लोक याचा अर्थ ‘फुकट वाचायला मिळते’ एवढाच घेतात. फुकट तर हॉटेलांच्या जाहिरातीही वाचायला मिळतात. माझ्या मते या परवान्याची किंमत कळते ती लिहिणाऱ्यांचे आणि जागेच्या मालकाचे बिनसते तेव्हा. ‘विकिट्रॅव्हल’ आणि ‘विकिव्हॉयेज’ या दोन प्रवासकोशांचा इतिहास तपासला तर हे नीट दिसते.

विकिट्रॅव्हल जुलै २००३ मध्ये सुरू झाले. एव्हान प्रोड्रोमू आणि मिशेल अ‍ॅन जेंकिन्स हे त्याचे संस्थापक. विकिपीडिया तोवर अडीच वर्षांचा झाला होता आणि कोणीही येऊन पान दुरुस्त करावे ही त्याची रीत त्यांनी जशीच्या तशी उचलली. परवाना मात्र उचलला नाही, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारातले होते. विकिपीडिया तेव्हा ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली होता. हा परवाना मुळात सॉफ्टवेअरच्या जाडजूड माहितीपुस्तिकांसाठी घडवलेला. प्रत वाटायची तर परवान्याचा कित्येक पानांचा संपूर्ण मसुदा सोबत जोडायचा, आणि १०० हून अधिक छापील प्रती वाटायच्या तर संगणकाला वाचता येईल अशी प्रत किंवा ती मिळण्याचे ठिकाणही द्यायचे, अशा त्याच्या अटी. पुस्तकाला हे ओझे जाणवत नाही. पण प्रवासमार्गदर्शिका सुटी सुटी वापरली जाते. लॉजच्या काउंटरवर ठेवायला कोणी गावापुरते दोन पानी माहितीपत्रक छापले, तर त्या दोन पानांच्या मागे कायद्याची त्याहून जास्त पाने टाचायची काय? क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने डिसेंबर २००२ मध्ये, म्हणजे जेमतेम सात महिन्यांपूर्वी आले होते. त्यातला ‘अ‍ॅट्रिब्यूशन-शेअरअलाइक’ संस्थापकांनी निवडला. लिहिणाऱ्यांना श्रेय द्या, बदल केलात तर तोही याच परवान्याखाली खुला ठेवा, आणि परवान्याचा नुसता पत्ता दिलात तरी चालेल, एवढेच त्याचे म्हणणे. निवड शहाणपणाची होती, पण तिची किंमतही मोजावी लागली. दोन्ही प्रकल्प मुक्त असूनही एकाचा परिच्छेद दुसऱ्यात नेता येईना, कारण दोन्ही परवाने ‘माझ्याच अटींवर’ म्हणून अडून बसले. २००९ मध्ये विकिपीडियाने क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्वीकारला तेव्हा ही भिंत पडू लागली. मुक्त म्हणवणारे परवाने एकमेकांसाठी दार बंद करतात, हा विनोद या क्षेत्रात अजूनही घडत असतो.

एप्रिल २००६ मध्ये विकिट्रॅव्हल ‘इंटरनेट ब्रँड्स’ या अमेरिकी कंपनीने विकत घेतले. आता नेमके काय विकले गेले? नाव, बोधचिन्ह, डोमेन, म्हणजे दारावरची पाटी आणि घराची किल्ली. मजकूर विकला गेला नाही, कारण तो विकणाऱ्यांचा नव्हताच. तो हजारो लिहिणाऱ्यांचा होता आणि कंपनीही तो इतर कोणासारखीच परवान्याच्या अटींवर वापरत होती. जर्मन भाषेत लिहिणाऱ्यांनी हा फरक सर्वांत आधी ओळखला. त्यांनी एक ना-नफा संस्था स्थापली, जर्मन मजकूर उचलला आणि १० डिसेंबर २००६ रोजी ‘विकिव्हॉयेज’ या नावाने वेगळी चूल मांडली. पुढच्या वर्षी इटालियन मंडळी त्यांना येऊन मिळाली. कोणाची परवानगी मागितली नाही आणि कोणाला पैसे दिले नाहीत. इंग्रजीवाले मात्र जुन्याच जागी राहिले, आणि त्यात नवल नाही. वाचक तिथे होते, सवय तिथली होती. बाहेर पडण्याचा हक्क असणे आणि तो वापरण्याची निकड वाटणे यांत वर्षांचे अंतर असू शकते.

इंग्रजीत ती निकड २०१२ मध्ये आली आणि इंग्रजीवालेही मजकूर घेऊन विकिव्हॉयेजकडे निघाले. वाढत्या जाहिराती आणि तांत्रिक देखभालीची हेळसांड यांवरून बरीच वर्षे धुसफूस चालली होती. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने प्रवासकोशाला आसरा द्यावा का, यावर त्या उन्हाळ्यात जाहीर चर्चा झाली. २३ ऑगस्टला ती संपली तेव्हा कौल ५४० विरुद्ध १५२ असा बाजूने पडला होता. आठवडाभरात इंटरनेट ब्रँड्सने दोन स्वयंसेवकांवर लॉस एंजेलिसमध्ये दावा लावला. या दाव्यातले आरोप बारकाईने वाचण्यासारखे आहेत : व्यापारचिन्हाचा भंग, अनुचित स्पर्धा, संगनमत. मजकूर चोरल्याचा आरोप त्यांत नाही. तो करण्याची सोयच परवान्याने ठेवली नव्हती. ज्या मजकुरामुळे त्या जागेला किंमत आली, त्यावर मालकाला बोट ठेवता येईना. भांडायला उरली फक्त पाटी. सप्टेंबरमध्ये फाउंडेशनने उलट दावा टाकला. विनापगारी काम करणाऱ्या माणसांवर खटला पडला की बाकीचे घाबरून गप्प बसतात, म्हणून हा पाठिंबा महत्त्वाचा होता. नोव्हेंबरमध्ये फेडरल न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. १५ जानेवारी २०१३ रोजी, विकिपीडियाच्या वाढदिवशी, विकिव्हॉयेज फाउंडेशनच्या छत्राखाली रीतसर सुरू झाले आणि फेब्रुवारीत दोन्ही बाजूंनी तडजोड करून वाद मिटवला.

म्हणजे सारे गोड झाले का? नाही. परवाना मजकूर देतो, वाचक देत नाही. सोडलेल्या जागेवरचा मजकूर तिथेच राहतो, कारण कंपनीलाही तो ठेवण्याचा तेवढाच हक्क असतो. त्यामुळे एकाच शहराची, शब्दाला शब्द जुळणारी दोन पाने इंटरनेटवर उभी राहिली, आणि गूगलला अर्थातच जुना पत्ता ओळखीचा. लिहिणारे निघून गेले तरी त्यांचा दोन वर्षे जुना मजकूर शोधात वर आणि त्यांनी नव्या घरी ताजा केलेला मजकूर खाली, असे चित्र बराच काळ राहिले. शिवाय सदस्यांची खाती, पासवर्ड, ईमेल हे काही परवान्याखाली येत नाही. परवान्यातून मिळणारे स्वातंत्र्य अर्धेच आहे, हा आक्षेप त्यामुळे मला मान्य आहे. पण उरलेले अर्धे कुठल्याच परवान्याने मिळणारे नाही, आणि मिळूही नये. पाटीसुद्धा सर्वांची झाली तर कोणते घर कोणाचे हे वाचकाला कळणार कसे?

दुसरा आक्षेप मनाला अधिक लागणारा आहे. लोकांनी पदरमोड करून लिहायचे आणि त्यावर कंपनीने जाहिराती लावून कमवायचे, हा कुठला न्याय? मग ‘व्यापारी वापर नको’ अशी अट घालणारा परवानाच का घेऊ नये? क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये तसा पर्यायही आहे. अडचण अशी की प्रवासाच्या क्षेत्रात व्यापार आणि सेवा यांच्यात रेघ ओढता येत नाही. पाहुण्यांना गावाची माहिती छापून देणारा कोकणातला घरगुती निवासवाला व्यापारी की नाही? नकाशासोबत पान विकणारा छोटा प्रकाशक? विकिट्रॅव्हलच्या मजकुरावरून २००८ मध्ये शिकागो आणि सिंगापूरच्या छापील मार्गदर्शिका निघाल्या, त्या ही अट असती तर निघाल्या नसत्या. आणि मुख्य म्हणजे २०१२ चे स्थलांतरच अडले असते, कारण व्यापारी वापराला बंदी असलेला मजकूर विकिमीडिया मूळ मजकूर म्हणून घेत नाही. कंपनीला रोखण्यासाठी लावलेले कुलूप अशा वेळी लिहिणाऱ्यांच्याच दाराला बसते. कंपनी कमावते हे खरे. पण शेअरअलाइकमुळे तिने मजकुरात घातलेली भरही खुली राहते, आणि सर्वांची जमीन कुंपण घालून घशात टाकता येत नाही.

उलट बाजू पाहायची तर ‘व्हर्च्युअलटुरिस्ट’ आहे. तिथेही प्रवाशांनीच वर्षानुवर्षे हजारो गावांच्या सूचना, खाणाखुणा, फोटो जमवले होते. २००८ मध्ये ते ट्रिपअ‍ॅडव्हायझर समूहात गेले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद झाले. ज्याने त्याने आपापले लिखाण उतरवून घ्यावे, एवढाच मार्ग उरला. सगळ्यांचा मजकूर एकत्र उचलून दुसरीकडे संसार थाटण्याची परवानगी तिथल्या लिहिणाऱ्यांनी एकमेकांना कधी दिलीच नव्हती. प्रवासाची माहिती नाशवंत असते, भाडी आणि वेळा वर्षभरात शिळ्या होतात, मग जुना मजकूर जपण्यात काय अर्थ, असे कोणी म्हणेल. भाडी शिळी होतात हे खरेच. पण गावात शिरावे कुठून, पावसात कोणता घाट टाळावा, देवळात चप्पल कुठे काढावी, हे शिळे होत नाही. आणि शिळे झालेले पान दुरुस्त करायला माणसे जेवढी पुढे येतात तेवढी कोरे पान भरायला येत नाहीत, हा विकीवर काम करणाऱ्या कोणाचाही रोजचा अनुभव. जुना मजकूर हे विरजण आहे, त्यावर नवे लागते.

वकिली वृत्तीचा वाचक इथे आणखी एक मुद्दा काढेल : रस्ते, वेळा, पत्ते ही तर निव्वळ तथ्ये, त्यांवर मालकी कसली? बरोबर आहे. ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही, थोडी तरी सर्जनशीलता असल्याशिवाय नुसत्या मेहनतीला प्रताधिकार मिळत नाही, असेच सांगितले आहे. पण मार्गदर्शिका म्हणजे पत्त्यांची वही नव्हे. कुठले आधी, कुठले वगळायचे, कशाला ‘चुकवू नका’ म्हणायचे, ही निवड आणि ती सांगण्याची भाषा लेखकाचीच असते. भाषांतराचा हक्कही आपल्या कायद्यात लेखकाकडेच राहतो. विकिव्हॉयेजवरचे इंग्रजीतले मुंबईचे पान कोणी मराठीत आणू म्हटले, तर मात्र कोणाला पत्र लिहावे लागत नाही. मूळ पानाचा दुवा द्यायचा, परवान्याचे नाव लिहायचे आणि आपले मराठीही त्याच परवान्याखाली सोडायचे. लोकांचे लेख नाव खोडून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती इथे चालत नाही, एवढेच पथ्य.

हे पथ्य किती मनावर घेतले जाते ते पाहायचे असेल तर विकिव्हॉयेजवरच्या कुठल्याही जुन्या पानाचा ‘इतिहास’ उघडावा. सगळ्यात खालच्या, २०१२ आधीच्या नोंदींमध्ये लेखकांच्या नावांआधी कंसात ‘डब्ल्यूटी-ईएन’ असे लावलेले दिसेल : विकिट्रॅव्हल, इंग्रजी. नव्या घरी त्याच नावाचा दुसराच कोणी आधीपासून असला तर एकाचे श्रेय दुसऱ्याला जाऊ नये, म्हणून हे उपपद. त्यांतले कितीतरी जण नव्या घरी कधी आलेही नाहीत. त्यांची नावे मात्र, एखादा स्वल्पविराम दुरुस्त केल्याच्या नोंदीसकट, सामानाबरोबर आली आहेत.