आईबाबांचे डोळे गडद तपकिरी, मग बाळाचे घारे कसे?

बाळ चार-सहा महिन्यांचे झाले, जन्मावेळी गडद करडे वाटणारे डोळे हळूहळू आपला खरा रंग दाखवू लागले, की घरात चर्चा सुरू होते. "डोळे कोणावर गेले गं?" बहुतेक घरांत ही चर्चा कौतुकाची असते. काही घरांत मात्र ती वेगळे वळण घेते. आईबाबांचे डोळे गडद तपकिरी, दोन्हीकडच्या आजीआजोबांचेही तसेच आणि बाळाचे मात्र घारे. मग कुणी हसत हसत टोमणा मारते, कुणी न हसता. अशी एखादी आई लसीकरणाला आल्यावर, सासूबाई बाहेर गेल्या की हळूच विचारते, "डॉक्टर, असं होऊ शकतं ना?"

होऊ शकते. ते कसे, हे नीट समजून घेऊ या, कारण आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात शाळेत शिकलेला एक अर्धवट नियम बसलेला असतो आणि त्याचा त्रास निष्कारण एखाद्या बाईला होतो.

डोळ्यात रंग नेमका कुठे असतो?

बोलताना आपण डोळ्याच्या मधल्या सगळ्याच गोल भागाला बुबुळ म्हणतो. त्यात खरे तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक भाग असतो, तो कॉर्निया. त्याच्या मागे रंगीत पडदा असतो, तो आयरिस. या पडद्याच्या मध्यभागी जे काळे छिद्र दिसते ती बाहुली. डोळ्यांचा रंग म्हणजे आयरिसचा रंग.

त्वचेला आणि केसांना रंग देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य आयरिसमध्येही असते. आयरिसचा मागचा थर जवळजवळ सगळ्याच माणसांमध्ये गडद असतो. फरक पडतो तो पुढच्या थरात. तिथे मेलॅनिन भरपूर असेल तर डोळे गडद तपकिरी दिसतात (ज्यांना आपण काळेभोर म्हणतो तेही जवळून पाहिले तर गडद तपकिरीच असतात). मेलॅनिन कमी असेल तर पिंगट, घारे, हिरवट आणि अगदीच कमी असेल तर निळे. गंमत म्हणजे निळ्या डोळ्यांत निळे रंगद्रव्य नसतेच. आकाश निळे दिसते त्याच धर्तीवर, पुढच्या थरातून प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा भाग आपल्याकडे जास्त परत येतो.

म्हणजे तपकिरी, घारा, निळा हे काही तीन वेगळे रंग नव्हेत. एकच रंगद्रव्य कमी-अधिक प्रमाणात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

शाळेतला नियम कुठे बरोबर, कुठे चूक

१९०७ च्या सुमारास अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हनपोर्ट आणि इतर काहींनी मेंडेलचे वाटाण्याचे नियम डोळ्यांच्या रंगाला लावून पाहिले. तपकिरी रंग प्रभावी, निळा अप्रभावी, असा सोपा हिशोब त्यांनी मांडला. नियम सुटसुटीत होता, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला.

आपल्या मूळ प्रश्नापुरता हा सोपा नियमही पुरेसा आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. समजा आईकडे एक प्रत गडद रंगाची आणि एक फिक्या रंगाची आहे, वडिलांकडेही तसेच. दोघांचेही डोळे तपकिरीच दिसतील, कारण बहुतेक वेळा गडद रंगाची एक प्रत पुरते. पण बाळाला दोघांकडून नेमकी फिकी प्रत मिळण्याची शक्यता चारात एक असते. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने लागू होते. म्हणून थोरल्याचे डोळे तपकिरी आणि धाकटीचे घारे, हेही अगदी स्वाभाविक आहे.

फिकी प्रत अशी गुपचूप किती पिढ्या पुढे जाऊ शकते? कितीही. पणजीच्या आईचे डोळे घारे होते का, हे सांगणारे आज घरात कुणी नसते. त्या काळचे रंगीत फोटोही नसतात. "आमच्या घराण्यात कुणाचेच असे डोळे नाहीत" या वाक्याचा अर्थ बहुधा एवढाच, की आम्हाला आठवणाऱ्या दोन-तीन पिढ्यांत नाहीत.

नियम मोडतो तो उलट्या बाजूने. त्याच्या हिशोबाने दोन्ही पालकांचे डोळे फिके असतील तर मूल तपकिरी डोळ्यांचे होणे अशक्य. प्रत्यक्षात अशी मुले जन्माला येतात.

पंधराव्या गुणसूत्रावरचा रेग्युलेटर

डोळ्यांच्या रंगातला सगळ्यात मोठा वाटा पंधराव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असलेल्या दोन जनुकांचा आहे. पहिले ओसीए-२. मेलॅनिन तयार होण्यासाठी लागणारे एक प्रथिन ते बनवते. दुसरे त्याच्या शेजारचे एचईआरसी-२. २००८ साली डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवले, की एचईआरसी-२ मधल्या एका छोट्याशा बदलामुळे शेजारच्या ओसीए-२ चे काम मंदावते. घरातल्या पंख्यासारखे समजा. पंखा उत्तम आहे, पण रेग्युलेटर एकवर ठेवलाय. ओसीए-२ शाबूत असते, फक्त आयरिसमध्ये ते कमी चालते, म्हणून तिथे मेलॅनिन कमी बनते.

कोपनहेगनच्या गटाने असाही अंदाज मांडला, की हा बदल सुमारे सहा ते दहा हजार वर्षांपूर्वी, बहुधा काळ्या समुद्राच्या आसपास, एखाद्या माणसात झाला आणि तिथून पसरला. युरोपात तो फार आढळतो. भारतीय उपखंडातही तो आहे, पण कमी प्रमाणात. महाराष्ट्रात घारे डोळे म्हटले की लोक लगेच कोकणस्थांचे नाव घेतात. पण असे डोळे इतर अनेक समाजांतही दिसतात. हजारो वर्षांच्या स्थलांतरांत जनुकांनी कुणाची जात विचारलेली नाही. आणि हो, घाऱ्या डोळ्यांची माणसे लबाड असतात ही समजूत निव्वळ भाकड आहे. आयरिसमधल्या मेलॅनिनचा स्वभावाशी काही संबंध नाही.

या दोन जनुकांवर गोष्ट संपत नाही. २०२१ मध्ये सुमारे १ लाख ९५ हजार लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांच्या रंगाशी संबंधित ६१ जागा आपल्या जनुकसंचात सापडल्या. त्यांपैकी ५० आधी माहीत नव्हत्या. कुणी मेलॅनिन बनवण्यात मदत करते, कुणी ते पेशीत साठवण्यात, तर काही जागा आयरिसच्या रचनेशी निगडित आहेत. म्हणून फिकी प्रत दोन्हीकडून आली तरी डोळे निळेच होतील असे नाही, ते घारे, हिरवट किंवा पिंगटही होऊ शकतात.

उलट्या बाजूचे कोडेही इथेच सुटते. आईचे डोळे एका जनुकामुळे फिके असतील आणि वडिलांचे दुसऱ्याच जनुकामुळे, तर बाळाला दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत मिळते आणि रंग गडद येतो. याचे टोकाचे उदाहरण लंडनचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ट्रेव्हर-रोपर यांनी १९५२ मध्ये नोंदवले. आईवडील दोघांनाही अल्बिनिझम, म्हणजे जन्मजात रंगद्रव्याचा अभाव, आणि मुले मात्र नेहमीच्या रंगाची.

तेव्हा पितृत्वाबद्दल डोळ्यांचा रंग कोणताही पुरावा देत नाही, ना या बाजूने ना त्या. रक्तगटावरून लोक काढतात ते निष्कर्षही दर वेळी टिकत नाहीत. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट साध्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण अशा व्यक्तीचे मूल 'ए' किंवा 'बी' गटाचे असू शकते. पितृत्वाचे उत्तर फक्त डीएनए तपासणी देते. आणि घाऱ्या डोळ्यांपायी ती करायची गरज नसते, हे मी सासूबाईंना आत बोलावून, सगळ्यांसमोर सांगते.

रंग पक्का कधी होतो?

जन्माच्या वेळी आयरिसमध्ये मेलॅनिन पूर्ण तयार झालेले नसते. पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत रंग बराचसा ठरतो. त्यानंतर तीन वर्षांपर्यंत तो थोडा आणखी गडद होऊ शकतो. गरोदरपणी केशराचे दूध पिऊन किंवा भिंतीवर निळ्या डोळ्यांच्या गुटगुटीत बाळाचे कॅलेंडर लावून त्यात फरक पडत नाही. बाळाच्या डोळ्यात मध, लिंबू किंवा कसलाही रस घालू नका. रंग बदलणार नाहीच, जंतुसंसर्ग किंवा कॉर्नियाला इजा मात्र होऊ शकते.

कधी दाखवायला हवे?

घारे डोळे हा आजार नाही. उन्हाचा थोडा जास्त त्रास होतो, एवढेच. पण काही वेळा डोळ्यांचा वेगळा रंग हे शरीरातल्या दुसऱ्या गोष्टीचे लक्षण असते आणि कौतुकाच्या नादात ते निसटते.

बाळाचे डोळे, किंवा एकच डोळा, अगदी चकचकीत निळा असेल, कपाळावरच्या केसांत जन्मापासून पांढरी बट असेल, तर वार्डेनबर्ग सिंड्रोमचा विचार करावा लागतो. त्यात डोळे उत्तम दिसतात, नजरही बहुधा चांगली असते, पण बाळ जन्मतः कर्णबधिर असू शकते. अशा बाळाची श्रवण तपासणी लगेच करून घ्या. ऐकू येत नाही हे दोन वर्षांनी, बोलणे आले नाही म्हणून कळले, तर भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

डोळे फिके, त्वचा आणि केस खूप गोरे, उजेडात डोळे मिटून घेणे आणि बुबुळे सतत थरथरणे, ही अल्बिनिझमची लक्षणे. यात नजर कमी असते. चष्मा, उन्हापासून जपणूक आणि शाळेत पुढच्या बाकावर जागा यांचा खूप उपयोग होतो. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा अशा नात्यातल्या लग्नांत याची शक्यता वाढते, कारण दोघांकडे तीच सदोष प्रत असू शकते.

एका डोळ्याचा रंग दुसऱ्यापेक्षा फिका, त्याच बाजूची पापणी किंचित खाली आणि बाहुली लहान असेल, तर त्या बाजूच्या मज्जातंतूंची तपासणी लागते. त्यामागे क्वचित मानेतली किंवा छातीतली गाठही असू शकते.

'टपोरे, निळसर डोळे' हे वर्णनही मला कधी कधी अस्वस्थ करते. बाळाचा कॉर्निया मोठा आणि धुरकट निळसर दिसत असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल, उजेड सहन होत नसेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. यात उशीर झाला तर नजर जाते.

सगळ्यात तातडीची गोष्ट म्हणजे बाहुलीत पांढरी चमक दिसणे. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी येते, तेव्हा अनेकदा आईवडिलांच्याच ती पहिल्यांदा लक्षात येते. कारण मोतीबिंदू असू शकते किंवा रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्याचा कर्करोगही. लवकर सापडला तर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. अशी चमक वारंवार दिसली तर पुढच्या लसीची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि मोबाइलमधला तो फोटो सोबत न्या.

मोठ्या माणसांत डोळ्याचा रंग आपोआप बदलत नाही. एकाच डोळ्याचा रंग बदलला तर आतली सूज, जुना मार किंवा गाठ यांची तपासणी करून घ्यावी. काचबिंदूच्या लॅटानोप्रोस्टसारख्या थेंबांनी आयरिस काही महिन्यांत गडद होऊ शकते आणि थेंब बंद केले तरी रंग सहसा पूर्ववत होत नाही. त्यासाठी घाबरून औषध मात्र स्वतःहून थांबवू नका. साठीनंतर बुबुळाच्या कडेने दिसणारे करडे कडे वयामुळे येते. तेच कडे चाळिशीच्या आत दिसले, तर कोलेस्टेरॉल तपासून घ्या.