मातीचा किल्ला, पडद्यावरची खिंड

नेसरीच्या खिंडीत 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनौबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. हा प्रसंग दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर मांडायला फक्त सात घोडेस्वार लागतात. दगडांच्या दोन ढिगांवर गोणपाट अंथरायचे, वर लाल मातीचा चिखल लिंपायचा, मधे वीतभर फट ठेवायची, की खिंड तयार. उतारावर अळीव पेरले की चार-पाच दिवसांत रान उगवते.

अशा लढाया पडद्यावरही आल्या, आणि कोल्हापूरने ऐतिहासिक चित्रपट लवकर दिले. बाबूराव पेंटरांचा मूक ‘सिंहगड’ 1923चा, भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ 1952चा. अलीकडच्यांत दिग्पाल लांजेकरांचे ‘फर्जंद’ (2018) आणि ‘पावनखिंड’ (2022) किल्ला करणाऱ्यांना विशेष जवळचे वाटावेत असे आहेत. ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतो, ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू मूठभर बांदलांनिशी घोडखिंड अडवतात. माणसे मोजकी, जागा अरुंद, शत्रू कुठून येणार तेही ठरलेले. अशी लढाई अंगणात जशीच्या तशी उभी राहते. हजारोंच्या मैदानी लढाईला मात्र कुंभाराकडची सगळी चित्रे आणली तरी अपुरीच पडतात.